आरोग्य विभागाचे मानांकन: निकष कसे लिहावेत आणि कसे तपासावेत

प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय यांच्यासाठी आपल्याकडे एनक्यूएएस, म्हणजे राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानके आहेत. प्रसूतिकक्षासाठी ‘लक्ष्य’ आहे, स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ आहे. ही सगळी मानके एखाद्या संस्थेला लागू होतात, जिथे दार आहे, खाटा आहेत, रुग्ण येतो आणि जातो. महापालिकेचा आरोग्य विभाग किंवा जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग ही वेगळी गोष्ट आहे. त्याचा रुग्ण म्हणजे सगळे शहर किंवा सगळा जिल्हा. साथ ओळखणे, पाण्याचे नमुने तपासणे, डासअळ्या शोधणे, जन्ममृत्यू नोंदवणे, खासगी रुग्णालयांची नोंदणी करणे ही कामे रुग्णालयाच्या कुठल्याही वॉर्डात दिसत नाहीत. ती नीट झाली तर काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टी मोजणे अवघड असते.

अशा विभागासाठी मानांकनाचे (म्हणजे ठरलेल्या निकषांवर तपासून दिलेल्या मान्यतेचे) निकष तयार करायचे असतील तर काम कोणत्या क्रमाने करावे आणि कुठे घसरण होते, ते पुढे दिले आहे. उदाहरण म्हणून मध्यम आकाराची महापालिका धरली आहे. जिल्हा परिषदेला यातला बहुतेक भाग तसाच लागू पडतो.

आधी किती वेळ लागतो ते पाहा

अमेरिकेत या कामाची नीट नोंद आहे. तिथे २००५-०६ मध्ये मानांकन शक्य आहे का याचा अभ्यास झाला. २००७ मध्ये सार्वजनिक आरोग्य मानांकन मंडळ स्थापन झाले. २००९-१० मध्ये ३० विभागांवर चाचणी झाली, सप्टेंबर २०११ मध्ये अर्ज घेणे सुरू झाले आणि पहिल्या ११ विभागांना फेब्रुवारी २०१३ मध्ये मानांकन मिळाले. एका राज्यापुरते काम असेल तर इतका वेळ लागणार नाही, पण दीड ते दोन वर्षे धरावीत. तीन महिन्यांत निकष तयार करा असा आदेश आला तर जे तयार होते ते निकष नसतात, एनक्यूएएसच्या तपासणी यादीत ‘रुग्णालय’ खोडून ‘विभाग’ लिहिलेला कागद असतो.

वेळेची ढोबळ विभागणी अशी: कायदेशीर कर्तव्यांची यादी आणि रचना ठरवायला दोन महिने, मसुद्याला चार, मसुदा विभागांकडे पाठवून हरकती-सूचना घ्यायला दोन, परीक्षक घडवायला दोन, प्रत्यक्ष चाचणीला चार, दुरुस्तीला तीन. चाचणी आणि दुरुस्ती मिळून सात महिने जास्त वाटतात, पण काटछाट करायची वेळ आली तर ती मसुद्याच्या वेळेत करा, चाचणीच्या नाही.

निर्णय कोणाच्या हातात ठेवायचा

ज्याच्याकडे विभागाचा निधी आणि बदल्यांचे अधिकार आहेत त्यानेच मानांकन देऊ नये. राज्याच्या आरोग्य संचालनालयाने निकष लिहायला मदत करावी, माणसे द्यावीत, पैसे द्यावेत, पण निकालावर सही दुसऱ्या मंडळाची असावी. ११ ते १३ जणांचे मंडळ पुरते. त्यात सेवेतले दोन-तीन आरोग्य अधिकारी (एक मोठ्या महापालिकेतला, एक नगर परिषदेच्या कामाची माहिती असलेला), वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यकशास्त्र विभागातले दोघे, राज्य प्रयोगशाळेतले एक, सांख्यिकी जाणणारे एक, लेखापरीक्षणाचा अनुभव असलेले एक, परिचर्या किंवा एएनएम (सहायक परिचारिका प्रसाविका) संवर्गातल्या एक, स्वच्छता निरीक्षक संवर्गातले एक आणि नागरिकांच्या बाजूने दोघे असावेत.

स्वच्छता निरीक्षक आणि एएनएम यांच्या जागा प्रत्येक समितीत सर्वांत आधी कापल्या जातात. त्या कापू देऊ नका. ‘दर आठवड्याला १०० टक्के घरांची अळी तपासणी’ असे वाक्य कागदावर छान दिसते. ते एका माणसाला झेपेल का, हे ज्याने टाकीवर चढून झाकण उघडले आहे त्यालाच एका वाक्यात सांगता येते.

कर्तव्यांची यादी: पाया इथेच घालायचा

निकष लिहायला बसण्याआधी विभागावर कायद्याने काय काय सोपवले आहे ते एका तक्त्यात उतरवा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत. मुंबईसाठी १८८८ चा स्वतंत्र अधिनियम आहे, नगर परिषदांसाठी १९६५ चा. त्याशिवाय जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९, साथरोग अधिनियम, १८९७, शुश्रूषागृह नोंदणीचा १९४९ चा कायदा, जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ आणि क्षयरुग्णाची सूचना देणे बंधनकारक करणारा २०१२ चा केंद्राचा आदेश हे सगळे धरायचे. तक्त्यात पाच रकाने ठेवा: कायदा व कलम, काम, मुदत, ते काम करणारे पद, आणि त्या कामाचा कागद कुठे तयार होतो. जन्म किंवा मृत्यूची माहिती २१ दिवसांत द्यायची, प्रक्रिया न केलेला जैववैद्यकीय कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही, अशा मुदती कायद्यातच आहेत. त्या तशाच निकषात घ्या, नव्या शोधू नका.

तक्ता भरताना एक गोष्ट हमखास समोर येते. काही कामांची जबाबदारी आरोग्य विभागावर येते, पण चावी दुसऱ्याच्या हातात असते. पाण्याच्या नमुन्यात क्लोरिन सापडला नाही हे आरोग्य विभाग सांगतो, गळकी जलवाहिनी मात्र पाणीपुरवठा विभाग दुरुस्त करतो. अशा प्रत्येक कामापुढे खूण करा. तिथे निकष ‘दुरुस्ती झाली का’ असा लिहिला तर आरोग्य अधिकारी दुसऱ्याच्या कामात नापास होतो आणि हक्काने तक्रार करतो. ‘त्याच दिवशी लेखी कळवले का, ठरलेल्या मुदतीत पुन्हा नमुना घेतला का, आणि तरीही सुधारणा नसेल तर प्रकरण आयुक्तांपर्यंत नेले का’ असा लिहिला तर तो त्याच्या कक्षेत राहतो, आणि नागरिकालाही त्याचा उपयोग होतो.

विभागणी किती भागांत करायची

अमेरिकी मंडळाच्या पहिल्या आवृत्त्यांत १२ भाग होते. २०२२ च्या आवृत्तीत ते १० झाले, कारण २०२० मध्ये सुधारलेल्या दहा अत्यावश्यक सार्वजनिक आरोग्य सेवांशी त्यांची जोड घातली गेली. त्या सेवा थोडक्यात अशा: लोकांच्या आरोग्यावर लक्ष ठेवणे, धोक्यांचा शोध घेणे, लोकांना माहिती देणे, समाजाची साथ मिळवणे, धोरणे आखणे, कायद्याची अंमलबजावणी, सेवा सर्वांपर्यंत पोहोचवणे, कर्मचारी घडवणे, सतत सुधारणा, आणि या सगळ्याला पुरेल अशी व्यवस्था. त्या मंडळाने एक रेघ सुरुवातीलाच आखली: एकेका रुग्णावर केलेले उपचार मानांकनात मोजायचे नाहीत. आपणही ती रेघ ठेवावी. महापालिकेच्या दवाखान्यासाठी एनक्यूएएस आहेच, तेच काम दोनदा तपासण्यात अर्थ नाही.

महापालिकेसाठी आठ भाग सुटसुटीत होतात: निगराणी व साथरोग; पाणी, अन्न व परिसर; कीटकजन्य आजार; लसीकरण व माता-बाल आरोग्याचे नियोजन; नोंदणी व कायद्याची अंमलबजावणी; लोकसंवाद; मनुष्यबळ; नियोजन, अंदाजपत्रक आणि सुधारणा. प्रत्येक भागात चार ते सहा मानके आणि प्रत्येक मानकात दोन ते चार मोजण्याजोगे घटक धरले तर एकूण घटक शंभरच्या आसपास राहतात. दीडशेच्या वर गेलात की तीन परीक्षकांना तीन दिवसांत ते नीट तपासता येत नाहीत, मग ते विचारून खूण करतात, आणि तिथे तपासणी संपते.

एक निकष लिहून पाहू

मसुद्यात सर्वांत जास्त आढळणारे वाक्य असे असते: ‘साथरोग नियंत्रणासाठी सक्षम यंत्रणा कार्यरत असावी.’ सक्षम म्हणजे काय, कार्यरत म्हणजे कधीपासून, आणि कोणता कागद पाहिल्यावर परीक्षकाने होय म्हणायचे, यातले काहीच या वाक्यात नाही. दोन परीक्षक या वाक्यावर दोन वेगळे गुण देणार.

निकष उलट्या दिशेने लिहा. आधी स्वतःला विचारा की हे काम खरोखर झाले असेल तर त्याचा माग कुठे राहतो. साथीच्या बाबतीत माग तारखांमध्ये राहतो: पहिला रुग्ण आजारी पडला ती तारीख, विभागाला कळले ती, वर कळवले ती, पथक गेले ती, नमुना प्रयोगशाळेत पोहोचला ती. या तारखांसाठी जगात ‘७-१-७’ हे लक्ष्य वापरले जाते: उद्भवापासून ७ दिवसांत ओळख, १ दिवसात सूचना, पुढच्या ७ दिवसांत प्राथमिक प्रतिसाद पूर्ण. आता लिहा:

मानक: विभाग साथीची चाहूल वेळेत ओळखतो आणि त्यावर वेळेत कृती करतो.

घटक १: उद्रेकाचा संशय यावा असा प्रत्येक संकेत नोंदवला जातो आणि कळल्यापासून २४ तासांत त्याची पडताळणी होते.
घटक २: उद्रेक ठरलेल्या प्रत्येक घटनेत ७-१-७ च्या तारखा नोंदल्या आहेत, आणि चुकलेल्या टप्प्याचे कारण लिहिले आहे.
घटक ३: मागील १२ महिन्यांतल्या उद्रेकांवरून किमान एक बदल कार्यालयीन आदेशाने अमलात आला आहे.

पुरावा: संकेतांची नोंदवही, आयएचआयपी या केंद्राच्या रोगनिगराणी पोर्टलवरची नोंद, प्रयोगशाळेचा अहवाल, आदेशाची प्रत.
पद्धत: नोंदी पाहणे, आणि एका घटनेतल्या एएनएम किंवा बहुउद्देशीय कर्मचाऱ्याशी बोलणे.
गुण: निवडलेल्या घटनांपैकी ९० टक्क्यांत पूर्तता असेल तर २, ६० ते ८९ टक्के असेल तर १, त्याखाली ०.

दुसऱ्या घटकाचे शब्द नीट पाहा. तिथे ‘सर्व टप्पे वेळेत झाले’ असे मागितलेले नाही. मुदत चुकली तरी कारण लिहिलेले असेल तर गुण मिळतात. हे मुद्दाम आहे. मुदत चुकल्यावर गुण कापले की तारखा बदलल्या जातात, आणि तारखा बदलल्या की निगराणीच खोटी होते. मुदती पाळल्या जातात का, हे मंडळाने स्वतंत्रपणे, सर्व विभागांची आकडेवारी एकत्र करून पाहावे.

तिसऱ्या घटकाबद्दलही तसेच. आढावा बैठक झाली का, असे विचारले की इतिवृत्त मिळते. बदल झाला का, असे विचारले की आदेश मागावा लागतो, आणि आदेश खरा असेल तर त्याचा परिणाम खाली एखाद्या केंद्रात जाऊन पाहता येतो.

पुराव्याचे नियम

पुरावा कोणता चालेल हे निकषाइतकेच काटेकोर लिहायचे असते. पुढचे नियम पुस्तिकेत एकदाच, सुरुवातीला द्या.

कागद अर्जाच्या तारखेआधीचा असावा आणि त्यावर तारीख, जावक क्रमांक व सही असावी. धोरण किंवा आराखडा असेल तर तो पाच वर्षांपेक्षा जुना नसावा, रोजच्या कामाची नोंद मागील १२ महिन्यांतली असावी. संकेतस्थळावरचा कोरा नमुना, दुसऱ्या महापालिकेचे नाव राहून गेलेला आराखडा, सही नसलेला मसुदा हे धरायचे नाहीत. अमेरिकी पद्धतीत बऱ्याच मोजमापांसाठी दोन उदाहरणे मागतात. ती सोय चांगली आहे, पण उदाहरणे विभागच निवडतो, त्यामुळे विभागाची उत्तम बाजूच दिसते. घटना मोजण्याच्या घटकांत निवड परीक्षकाने करावी: १२ महिन्यांतल्या सर्व घटनांची यादी घ्यायची, त्यातून १० निवडायच्या, दहापेक्षा कमी असतील तर सगळ्या. यादी पूर्ण आहे का हे पाहण्यासाठी ती प्रयोगशाळेच्या नोंदवहीशी ताडून पाहायची. प्रयोगशाळेत कॉलराचा नमुना सकारात्मक आहे आणि विभागाच्या यादीत ती घटना नाही, असे एक उदाहरण सापडले तरी ते दहा फायलींपेक्षा जास्त सांगते.

त्याहून उपयोगी पद्धत म्हणजे माग काढणे. उदाहरण पाण्याचे घ्या. परीक्षकाने ओटी चाचणीच्या (पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे का ते पाहणाऱ्या) नोंदवहीतला एखादा ‘निरंक’, म्हणजे क्लोरिन न आढळल्याचा, निकाल निवडायचा. भारतीय मानकाप्रमाणे निर्जंतुक केलेल्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरिन असायला हवा, आणि तो शेवटच्या नळापर्यंत टिकायला हवा. मग विचारत जायचे: हा निकाल कोणाला कळवला, किती वाजता, कसा? पाणीपुरवठ्याच्या नोंदीत तो आहे का? त्याच नळावर पुन्हा चाचणी कधी झाली? जिवाणू तपासणीचा नमुना पाठवला का? त्या आठवड्यात त्या वस्तीतल्या जुलाबाच्या रुग्णांची नोंद कोणी पाहिली का? एका मागाला चाळीस-पन्नास मिनिटे लागतात आणि त्यात पाच-सहा घटक एकदम तपासले जातात. नोंदवहीत वर्षभर एकही निरंक निकाल नसेल, तर परीक्षकाने स्वतः वितरणाच्या टोकाच्या दोन-तीन नळांवर चाचणी करून घ्यावी. ओटीचे द्रावण मुदतीतले आहे का, ब्लीचिंग पावडरमधले क्लोरिनचे प्रमाण शेवटचे कधी तपासले, हेही तिथेच विचारावे. साठ्यातली पावडर दमट जागी पडून राहिली की तिची ताकद उतरते, आणि मग मात्रा बरोबर टाकूनही नळाला क्लोरिन येत नाही.

आकडे ठरवताना

प्रत्येक टक्केवारीखाली छेद कोणता, हे लिहा. ‘८५ टक्के बालकांचे लसीकरण’ म्हणजे अपेक्षित जन्मांच्या ८५ टक्के की नोंदलेल्या बालकांच्या? स्थलांतरितांच्या वस्त्या नोंदीतच नसतील तर दुसऱ्या पद्धतीने ९८ टक्केही येतात. निकषात दोन्ही आकडे मागा आणि त्यांतला फरक समजावून सांगायला लावा. मानांकन त्या समजावणीला द्या, आकड्याला नको.

लहान शहरांसाठी वार्षिक आकडे फसवे असतात. पोलिओ निगराणीत १५ वर्षांखालील १ लाख मुलांमागे वर्षाला पोलिओखेरीज इतर कारणाने अचानक आलेल्या लुळेपणाचे किमान २ रुग्ण सापडायला हवेत, असे आपल्याकडे धरतात. तेवढे सापडले म्हणजे यंत्रणा जागी आहे. आता ३ लाख वस्तीचे शहर घ्या. १५ वर्षांखालची मुले साधारण ७५ हजार धरली तर अपेक्षित रुग्ण वर्षाला दीड. उत्तम काम करणाऱ्या शहरातही केवळ योगायोगाने पाचातल्या एखाद्या वर्षी शून्य येणार. त्या वर्षी तपासणी झाली तर शहर विनाकारण नापास होते. तीन वर्षे एकत्र धरली की अपेक्षित रुग्ण साडेचार होतात, आणि तेव्हाही शून्यच आले तर तो योगायोग असण्याची शक्यता शंभरात एखादी उरते. म्हणून ५ लाखांखालच्या शहरांसाठी विरळ घटनांचे निकष तीन वर्षांच्या बेरजेवर ठेवा. सापडलेल्या प्रत्येक रुग्णाचे शौचाचे दोन नमुने, किमान २४ तासांच्या अंतराने, लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांत घेतले का, हे मात्र दरवर्षी तपासता येते.

डासांच्या बाबतीत घर निर्देशांक, भांडी निर्देशांक (अळ्या सापडलेल्या घरांची, भांड्यांची टक्केवारी) असे आकडे सगळेच विभाग देतात. निर्देशांक कमी म्हणून गुण देऊ नका, नाहीतर अळ्या सापडणे बंद होते. परीक्षकाने मागच्या आठवड्यात तपासलेल्या घरांच्या यादीतून वीस घरे निवडावीत आणि पथकाबरोबर पुन्हा फिरावे. फ्रिजखालचा ट्रे, कूलर, गच्चीवरची टाकी, कुंड्यांखालच्या बशा, बांधकामावरचे पाणी साठवण्याचे खड्डे या जागा पाहाव्यात. दोन्ही तपासण्यांच्या निकालातला फरक म्हणजे खरा निकष. मात्र मधल्या दिवसांत नवे पाणी साचू शकते, म्हणून अंतर सात दिवसांपेक्षा जास्त नसावे.

गुणांची बेरीज आणि तिच्यातला धोका

एनक्यूएएसची ०, १, २ ही गुणपद्धत आपल्याकडच्या कर्मचाऱ्यांना माहीत आहे, तीच ठेवा. तिथे प्रमाणपत्रासाठी एकूण ७० टक्के गुण ही मुख्य अट असते, शिवाय काही भागांची वेगळी किमान पातळीही असते. ही दुसरी अट का हवी ते गणिताने पाहा. १०० घटक, २०० गुण. साथरोग भागात १२ घटक, म्हणजे २४ गुण. एखाद्या विभागाला तिथे शून्य मिळाले आणि बाकी सगळे पूर्ण मिळाले तर बेरीज १७६, म्हणजे ८८ टक्के. साथ ओळखण्याची कुठलीच सोय नसलेला विभाग उत्तम श्रेणीत उत्तीर्ण होतो.

यावर दोन कुलपे घाला. प्रत्येक भागात किमान ६० टक्के हवेत. आणि आठ-दहा घटक असे ठरवा की त्यांत शून्य मिळाले तर एकूण कितीही गुण असोत, मानांकन थांबते. त्यांत पूर्णवेळ आरोग्य अधिकाऱ्याचे पद भरलेले असणे, २४ तास संपर्क होऊ शकेल असा साथरोग अधिकारी, लसींच्या शीतसाखळीत २ ते ८ अंश सेल्सियस तापमानाची दिवसातून दोनदा नोंद, जन्ममृत्यू नोंदणी वेळेत होणे आणि पाण्याच्या निरंक निकालावर त्याच दिवशी कृती या गोष्टी याव्यात. अशी कुलपे दहापेक्षा जास्त झाली की प्रत्येकाला एखादे तरी आडवे येते आणि मंडळावर सवलती देण्याचा दबाव वाढतो.

पद भरलेले असण्याची अट घातली की हरकत येणारच: भरती राज्याच्या हातात आहे, विभाग काय करणार? हरकत रास्त आहे. तरीही अट काढू नये. प्रभारी अधिकाऱ्यावर वर्षानुवर्षे चालणारा विभाग मानांकित ठरला तर पद भरण्याचे शेवटचे कारणही जाते. अहवालात मात्र ही त्रुटी शासनाच्या नावे, वेगळ्या रकान्यात नोंदवा.

मोठ्या महापालिकेला आणि क वर्ग नगर परिषदेला एकच पट्टी लावायची का, हा प्रश्न लगेच येतो. मानक सर्वांना एकच ठेवा, पुरावा आकाराप्रमाणे बदला. मोठ्या शहराकडून स्वतंत्र निगराणी कक्ष मागा. लहान नगर परिषदेकडे तोच कक्ष जिल्ह्याकडून मिळत असल्याचा लेखी करार आणि त्याचा प्रत्यक्ष वापर झाल्याच्या तीन नोंदी पुरेत.

चाचणी

सहा विभाग निवडा: दोन मोठ्या महापालिका, दोन लहान, एक नगर परिषद, एक जिल्हा परिषद. स्वतःहून पुढे आलेलेच सहा घेऊ नका, ते सहसा आधीच चांगले असतात. प्रत्येक ठिकाणी दोन परीक्षकांनी एकमेकांशी न बोलता तेच घटक तपासावेत. ४० घटक निवडले तर सहा ठिकाणी २४० जोड्या होतात. १९२ जोड्यांत गुण जुळले तर जुळणी ८० टक्के. एखाद्या घटकाची जुळणी यापेक्षा कमी असेल तर दोष परीक्षकांचा मानण्याआधी वाक्य तपासा. ‘नियमित’, ‘पुरेसे’, ‘योग्य’, ‘आवश्यकतेनुसार’ यांपैकी एखादा शब्द तिथे हमखास सापडतो. तो काढून कालावधी किंवा संख्या घाला.

जुळणी खूप जास्त असेल तरी थांबून पाहा. एखाद्या घटकात दोन्ही परीक्षक ९० टक्के ठिकाणी २ गुण देत असतील, तर त्याच प्रमाणात चिठ्ठ्या टाकून दिलेले गुणही सुमारे ८२ टक्के जुळतील. ज्यात सगळेच पास होतात तो घटक काही शिकवत नाही. त्याला कायद्याचा आधार असेल तर ठेवा, नाहीतर काढा.

चाचणीत वेळही मोजा. पुरावे गोळा करायला विभागाच्या किती माणसांचे किती तास गेले, हे प्रत्येक घटकासमोर लिहून घ्या. जिथे दोन दिवस गेले आणि उपयोग शून्य झाला, तो घटक एएनएमचा वेळ खाणार आहे.

परीक्षक आणि भेट

तीन परीक्षकांचे पथक पुरते: एक सार्वजनिक आरोग्यातले डॉक्टर, एक प्रशासन किंवा लेखा जाणणारे, एक क्षेत्रीय कामाचा अनुभव असलेले. मागील पाच वर्षांत त्या विभागात काम केलेला, तिथल्या कंत्राटाशी संबंध असलेला किंवा त्या विभागाला मानांकनाच्या तयारीसाठी सल्ला दिलेला माणूस पथकात नसावा. प्रशिक्षण पाच दिवसांचे ठेवा, त्यातले दोन दिवस प्रत्यक्ष एखाद्या विभागात. शेवटी सर्वांना एकच फाइल देऊन गुण द्यायला सांगा, आणि ठरलेल्या गुणांपासून फार लांब असणाऱ्याला अजून पाठवू नका.

भेटीची सुरुवात सादरीकरणाने करू नये, त्यात पहिला अर्धा दिवस जातो. पहिल्या सकाळी नोंदवह्या व याद्या घ्या आणि माग काढायच्या घटना निवडा, दुपारी निवडलेल्या वॉर्डात जा. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा, लससाठा, पाणी, अळी तपासणी. तिसऱ्या दिवशी आरोग्य अधिकारी, लेखा आणि आयुक्त यांच्याशी बोलणे. अहवाल ३० दिवसांत विभागाला द्या, चुकीची माहिती दुरुस्त करायला १५ दिवस द्या, मगच मंडळापुढे न्या. परीक्षकाने निकाल जागेवर सांगायचा नाही.

मानांकन दिल्यानंतर

अमेरिकेत मानांकन पाच वर्षांचे असते, एनक्यूएएसचे तीन. आपल्याकडे अधिकारी बदलीवर लवकर जातात, म्हणून तीन वर्षे बरी. दरवर्षी दोन-तीन पानी अहवाल मागा: कुलपाचे घटक अजून पूर्ण आहेत का, ज्या त्रुटी दाखवल्या त्यांचे काय झाले, आणि नवा आरोग्य अधिकारी आला असेल तर कार्यभार कसा हस्तांतरित झाला. कार्यभार हस्तांतरणाची यादी हाच एक घटक करून ठेवा. विभागाची स्मृती एका माणसाच्या मोबाइलमध्ये असते, आणि तो गेला की प्रयोगशाळेचा संपर्क, खासगी डॉक्टरांचा गट, साथीच्या वेळी कोणाला उठवायचे ती नावे सगळे त्याच्याबरोबर जाते.

तपासणीच्या आधी विभागात ‘मानांकन कक्ष’ उघडला जातो, चार हुशार माणसे मूळ कामावरून काढून फायली लावायला बसवली जातात, बाहेरचा सल्लागार तयार नमुने देतो. हे पूर्ण थांबवता येत नाही, पण निकषांनी त्याचा फायदा कमी करता येतो. जितके घटक परीक्षकाने निवडलेल्या नोंदीवर, मागावर आणि क्षेत्रभेटीवर बसतील तितके फाइल लावण्याचे मोल घटते. पुस्तिका छापण्याआधी मोजा: केवळ कागद दाखवून पूर्ण होणारे घटक एकूण घटकांच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त असतील तर मसुदा परत मेजावर घ्या.

निकषांची आवृत्ती दर तीन ते पाच वर्षांनी बदला आणि पुस्तिकेवर आवृत्ती क्रमांक व लागू तारीख छापा. मधल्या काळात शंका आल्या तर परिपत्रके काढू नका. एकच स्पष्टीकरण यादी ठेवा आणि तारखेसह वाढवत न्या. नवी आवृत्ती आली की आधी अर्ज केलेल्या विभागाची तपासणी जुन्या आवृत्तीनेच व्हावी, हे पहिल्याच पुस्तिकेत लिहून ठेवा, कारण हा वाद पहिल्याच दुरुस्तीच्या वेळी उभा राहतो.